लाइटची सोसायटी: पाच वर्षं सभासद राहून लिहितेय, ५ पैकी ४ स्टार

लाइट कंपनीचा रिव्ह्यू कोण लिहितं, माहितीये मला. पण झालं असं की माझी एक मैत्रीण न्यू जर्सीतून अमेरिकेतल्या एका खेड्यात शिफ्ट होतेय, तिला घराच्या एजंटने सांगितलं की तिकडे लाइट को-ऑपची (सहकारी संस्थेची) आहे, आणि ही घाबरून मला फोन करते की अगं को-ऑप म्हणजे काय, सरकारी का, सारखी जाते का, घर घेऊ का नको. तिला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतेय म्हणजे परत कुणी विचारलं तर लिंक देता येईल. आमच्या संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. अशा देशभर ९०० च्या आसपास आहेत आणि कारभार थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच.

आम्ही मिडवेस्टात. नवऱ्याला इथल्या छोट्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून शिकागोच्या सबर्बमधून पाच वर्षांपूर्वी इकडे आलो. चारी बाजूला मका आणि सोयाबीन, शेजारचं घर अर्ध्या मैलावर. घर ताब्यात आलं, लाइट आपल्या नावावर करून घ्यायला फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली मेंबरशिपचा फॉर्म पाठवते. म्हणलं मला मेंबरशिप नकोय हो, लाइट पाहिजे. ती हसायलाच लागली. म्हणे इथे जो लाइट घेतो तो मेंबर असतोच, वेगळं काही नाही. मग थोडीशी फी भरली, सही केली, आणि आठवड्याने पोस्टाने बायलॉजचं, म्हणजे संस्थेच्या नियमांचं, पुस्तक घरी आलं. मी ते टेबलावर फेकलं होतं पण संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर अण्णांना ते दिसलं आणि वाचून दाखव म्हणाले. आमचे अण्णा साखर कारखान्याचे चाळीस वर्षांपासूनचे सभासद, जनरल बॉडी कधी चुकवलेली नाही, तापात असताना पण गेलेत. चार पानं ऐकली आणि म्हणाले, ‘अगं ही तर आपली सोसायटीच आहे की, फक्त उसाच्या जागी लाइट.’

अगदी तसंच आहे. कुणी शेठ मालक नाही, शेअर बाजारात नाही, सरकारीही नाही. आमच्या एरियाचे भाग पाडलेत, प्रत्येक भागातून एक संचालक, तोही सभासदच, म्हणजे त्याचंही लाइटबिल याच संस्थेचं. संचालक मंडळ मॅनेजर नेमतं, दर ठरवतं. आणि एका सभासदाला एक मत. आमच्या रस्त्याच्या टोकाला एकाचा मोठा डुकरांचा फार्म आहे, त्याला थ्री फेज, दिवसरात्र पंखे चालू, त्याचं एका महिन्याचं बिल आमच्या वर्षाच्या बिलापेक्षा जास्त असणार, तरी सभेत त्याचा हात एक आणि माझा पण एक. टॅक्सवाल्यांची पण एक अट असते, फेडरल इन्कम टॅक्समधून सूट पाहिजे तर उत्पन्नातलं निदान ८५ टक्के सभासदांकडूनच यायला पाहिजे. त्यामुळे आम्हाला सोडून भलतेच उद्योग करत बसायला फारसा वाव नाही.

आता सर्व्हिस. मैत्रिणीचा पहिला प्रश्न तोच होता, लाइट जाते का. जाते. शिकागोपेक्षा जास्त जाते, खोटं कशाला बोलू. त्याचं कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं. देशभराची सरासरी काढली तर को-ऑपच्या लाइनवर एका मैलात ८ च्या आसपास मीटर येतात, आणि मोठ्या खाजगी कंपन्यांना तेवढ्याच तारेवर ३० च्या वर गिऱ्हाईक मिळतं. म्हणजे तार तेवढीच, खांब तेवढेच, झाडं छाटायची तेवढीच, आणि खर्च वाटून घ्यायला माणसं पाव हिश्श्यानी. शिवाय सगळी तार डोक्यावरून. वाऱ्याच्या दिवशी लाइट दोनदा मिचकावते, मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्य शून्य होतं, मला वाटायचं यांचं काहीतरी ढिलं आहे. ते ढिलं नसून मुद्दाम असतं. खांबावर रीक्लोजर नावाचा डबा असतो, तारेला फांदी टेकली की तो लाइन तोडतो, क्षणभर थांबतो आणि परत जोडून बघतो, तोवर फांदी पडून गेली असेल तर झालं काम, नाहीतर दोन-तीन वेळा बघून गप बसतो आणि मग माणूस पाठवावा लागतो. हे कळल्यापासून मिचकावली की मी मनात मोजते. एक… दोन… आली! बॅटरी परत ड्रॉवरमध्ये.

तिसऱ्या वर्षीचं बर्फाचं वादळ मात्र विसरणार नाही. पाऊस पडत होता आणि तारेवर पडताक्षणी गोठत होता, सकाळी तारा मनगटाएवढ्या जाड झालेल्या, आणि मग खांब मोडल्याचे आवाज, बंदुकीसारखे, लांबून एकामागून एक. आमची लाइट पाच दिवस नव्हती. पाच! तिसऱ्या दिवशी मी इतकी वैतागले होते की ऑफिसात फोन करून वाट्टेल ते बोलणार होते, पण तिकडे उचलणाऱ्या बाईचा आवाज पार बसलेला, आणि तीच म्हणाली की माझ्या घरी पण नाहीये हो अजून. मग तिने शांतपणे क्रम समजावला. आधी सबस्टेशन, मग मोठी थ्री फेज लाइन, मग तिच्यातून फुटणाऱ्या शाखा, आणि सगळ्यात शेवटी एकेका घराचा ट्रान्सफॉर्मर, कारण एका दुरुस्तीत चारशे घरं येणार असतील तर ती आधी करायची. आम्ही शाखेच्या टोकाला, म्हणजे शेवटून दुसरे. संचालकांपैकी एकजण आमच्याच शाखेवर आहे आणि त्याचीही पाचव्या दिवशीच आली, हे मी मुद्दाम चौकशी करून खात्री केली (अण्णांनीच सांगितलं होतं बघ म्हणून, त्यांना संचालकांचा अनुभव दांडगा).

पण बाहेरून मदत किती आली ते बघून मी गार पडले. दोन राज्यं पलीकडच्या को-ऑपचे बकेट ट्रक (लाइनमनला पाळण्यात घेऊन खांबापर्यंत उचलणारे) रांगेने आले, दारांवर वेगवेगळ्या संस्थांची नावं. या सगळ्या को-ऑपांचं आपसात ठरलेलं असतं, तुमच्याकडे वादळ झालं तर आमचे लाइनमन येतील, आमच्याकडे झालं तर तुमचे, आणि खांब, तारा, क्लॅम्प सगळीकडे बऱ्यापैकी एकाच स्टॅंडर्डचे असल्याने बाहेरचा माणूस पहिल्या तासापासून कामाला लागतो. चर्चच्या हॉलमध्ये त्यांच्या झोपायची सोय केलेली. मी मोठं पातेलं भरून राजमा-भात घेऊन गेले होते, तिखट अगदी नावाला टाकलेलं, तरी एकजण डोळे पुसत पुसत दुसऱ्यांदा घ्यायला आला.

त्या पाच दिवसांत आम्ही शेजारच्या आजींकडे होतो, त्यांच्याकडे लाकडाची शेगडी आहे. वय नव्वदीच्या पुढे. मी लाइटच्या नावाने बोटं मोडत होते तर त्या म्हणाल्या, मी नऊ वर्षांची होईपर्यंत या घरात लाइट नव्हतीच. शहरातल्या कंपन्या यांच्या वडिलांना म्हणायच्या की एवढ्या लांब तार ओढणं परवडत नाही, पाहिजे तर लाइनचा खर्च तुम्हीच द्या. ही एकट्या यांच्या घरची गोष्ट नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यावर इथल्या शहरांत जवळपास सगळीकडे वीज होती आणि शेतावरच्या घरांत दहातल्या एकाकडे. १९३५ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, पुढच्या वर्षी कायदा झाला. पैसे होते स्वस्त व्याजाच्या कर्जाचे, आणि सरकारला वाटलेलं की खाजगी कंपन्याच ते कर्ज घेऊन लाइनी टाकतील. त्यांनी फारसा रस दाखवला नाही. शेतकऱ्यांनी सोसायट्या करून कर्ज उचललं. आजींच्या वडिलांनी सभासद व्हायला ५ डॉलर भरले होते आणि त्या ५ डॉलरवरून घरात भांडण झालं होतं म्हणे, कारण तेवढ्यात पोरांचे बूट आले असते. बल्बनंतर घरात पहिली काय आली तर विजेची इस्त्री. आजींची आई चुलीवर लोखंडी इस्त्र्या तापवून थकलेली, जून महिन्यात सुद्धा चूल पेटवायची फक्त कपड्यांसाठी.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हे मला अमेरिकेत येऊन कळलं आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना माहिती नसतं. नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज संस्था आठवतेय का? श्रीरामपूर-राहुरीकडचे लोक लगेच मान हलवतील. ती याच अमेरिकन को-ऑपांचं बघून काढलेली. १९६० च्या दशकाच्या शेवटी इथल्या को-ऑपांच्या राष्ट्रीय संघटनेची माणसं भारतात मदतीला आली होती आणि प्रयोग म्हणून पाच ठिकाणं घेतली, आपली मुळा-प्रवरा, कर्नाटकातलं हुक्केरी, आंध्रातलं (आता तेलंगणातलं) सिरसिल्ला, गुजरातेतलं कोडीनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ. मुळा-प्रवरेची थकबाकी डोंगराएवढी झाली आणि २०११ ला परवाना संपल्यावर तो भाग महावितरणकडे गेला. हुक्केरीची मात्र चालू आहे, बेळगाव जिल्ह्यात, आपल्या हद्दीला लागून. अण्णांना हे सांगितलं तर ते दहा मिनिटं काही बोललेच नाहीत आणि मग एवढंच म्हणाले की वीज स्वतः विकत घेऊन स्वस्तात विकायची म्हणजे फरक कुणाच्या तरी डोक्यावर बसणारच.

तर ती विकत घ्यायची भानगड. आमची संस्था स्वतः वीज बनवत नाही, फक्त वाटते. गावची दूध सोसायटी आणि वरती जिल्हा संघ असतो ना, तसंच, फक्त उलट्या दिशेने, दूध वर जातं, वीज खाली येते. अशा पंचवीसेक वाटप संस्थांनी मिळून एक मोठी निर्मिती संस्था काढलीये, तिचे मालक या संस्था आणि या संस्थांचे मालक आम्ही. करार लांबलचक असतात, चाळीस चाळीस वर्षांचे, आणि त्यात बहुतेक करून अट असते की वीज घ्यायची तर सगळी आमच्याकडूनच. यातून सुटायचं तर जबर पैसे मोजावे लागतात. न्यू मेक्सिकोतल्या ताओसची किट कार्सन को-ऑप २०१६ ला तिच्या वरच्या ट्राय-स्टेट संस्थेतून बाहेर पडली तेव्हा ३ कोटी ७० लाख डॉलर द्यावे लागले, कारण तिला स्वतःचं सोलर वाढवायचं होतं आणि करारात स्वतःच्या निर्मितीला ५ टक्क्यांची मर्यादा होती. आमच्याकडे अजून कुणी असलं काही बोलत नाहीये, पण सभेत एका तरुण पोराने विचारलं होतं आणि हॉलमध्ये एकदम शांतता.

याच खरेदीतून एक मजेशीर गोष्ट येते. उन्हाळ्यात दुपारी मेसेज येतो, ‘आज ४ ते ७ पीक, शक्य असेल तर वॉशर-ड्रायर नंतर लावा.’ पीक म्हणजे शेतातलं नव्हे, सगळ्यात जास्त लोडची वेळ. पहिल्या वर्षी मी दुर्लक्ष केलं, आपण पैसे देतोय ना. पण वरची संस्था आमच्या संस्थेला बिल लावते त्यात नुसते युनिट नसतात, महिन्यातल्या ज्या तासाला सगळ्या सिस्टिमवर सगळ्यात जास्त लोड होता त्या एका तासाला तुम्ही किती खेचत होतात त्याचाही मोठा आकार असतो. एक तास! महिनाभर काटकसर केली आणि त्या तासाला सगळ्यांनी एसी, ड्रायर, ओव्हन एकदम लावलं तर गेलं. आणि ते पैसे भरणार कोण, तर दुसरं कोण आहे, आपणच. म्हणून गिझरवर एक छोटा स्विच फुकट बसवून देतात, पीकच्या वेळी ते लांबूनच गिझर बंद करतात, पाणी टाकीत गरम असतंच, पाच वर्षांत एकदाही गार पाण्याने अंघोळ करावी लागली नाही. बदल्यात बिलात थोडी सूट. ज्यांच्याकडे मोठी टाकी आहे त्यांनी हा स्विच बिनधास्त बसवून घ्या.

आता पैशाचा विषय, लोक इथेच गोंधळतात. वर्षाअखेरीस सगळा खर्च, कर्जाचे हप्ते भागून जे उरतं ते संस्थेचा नफा धरत नाहीत, ज्याने जेवढं बिल भरलं त्या प्रमाणात त्याच्या खात्यावर मांडतात. याला कॅपिटल क्रेडिट म्हणतात. मला पहिल्या वर्षीचं पत्र आलं, तुमच्या नावे १४० डॉलर. मी खूश, नवऱ्याला म्हणलं जेवायला बाहेर जाऊ. खाली बारीक अक्षरात की हे आत्ता मिळणार नाहीत. ते पैसे संस्था खांब, तारा, ट्रान्सफॉर्मरमध्ये घालते आणि पंधरा-वीस वर्षांनी, काही ठिकाणी त्याहून उशिरा, संचालक मंडळाला परवडलं तर परत करते. व्याज शून्य. आमच्याकडे जुन्या वर्षाचं थोडं आणि नव्याचं थोडं असं देतात म्हणून मला गेल्या डिसेंबरात बिलातून ११ डॉलर वजा होऊन मिळाले. आजींना नव्वदच्या दशकातल्या बिलांचा चेक आला, आणि त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावचे पण निघाले, वारसांना मिळतात. म्हणून गाव सोडताना नवीन पत्ता कळवायला विसरू नका, हे पैसे तुमचेच असतात, पण पत्ताच नसेल तर ते तुम्हाला शोधणार तरी कुठे.

माझ्या तक्रारी. एक स्टार कापलाय तो यासाठी. पहिली, फिक्स चार्ज. महिन्याला ३८ डॉलर, एक युनिट नाही जाळलं तरी. तार तेवढीच हे मान्य, वर मीच लिहिलंय, पण एकट्या म्हाताऱ्या माणसाला कमी वापरात तो फार जड जातो आणि वीज वाचवायची इच्छाच मरते. दुसरी, छपरावरचं सोलर. आम्ही कोटेशन घेतलं होतं, पण तुम्ही जादाची वीज परत लाइनवर दिलीत तर ते ती घाऊक भावाने घेणार आणि तुम्हाला किरकोळ भावाने देणार. त्यांचं म्हणणं की पूर्ण भाव दिला तर तारेचा खर्च सोलर नसलेल्यांवर पडेल, आणि मला ते अर्धं पटतं पण अर्धं नाही, शेवटी कोटेशन फाडलं. मोबाइल ॲपविषयी न बोललेलं बरं.

तिसरी तक्रार संस्थेवर आहे का आमच्यावर, मला ठरवता येत नाहीये. सभेला माणूसच येत नाही. इथल्या बऱ्याच को-ऑपांत मतदान १० टक्क्यांपर्यंत सुद्धा जात नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शाळेच्या जिममध्ये खुर्च्या भरपूर आणि डोकी पांढरी. दारात प्रत्येकाला एक बल्ब आणि बादली भेट, मग पोर्क सॅंडविच (आम्ही बटाट्याच्या सॅलडवर भागवलं), मग मॅनेजरचं भाषण, ताळेबंद, आणि तीनपैकी दोन जागा बिनविरोध. एक संचालक सत्तावीस वर्षं तिथेच बसलाय. अण्णांना सांगितलं तर ते जोरात हसले, म्हणे मग काय, आमच्यात तरी खुर्च्या फेकतात. पण ताळेबंदावर प्रश्न विचारले तर उत्तरं नीट मिळाली, झाडछाटणीवर खर्च का वाढला विचारलं तर मॅनेजरने दुसऱ्या दिवशी मेल करून आकडे पाठवले. शिकागोच्या वीज कंपनीत मी असं कुणाला विचारणार होते?

आणखी दोन बारीक गोष्टी. बिल पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत वाढवून वरचे सेंट गावच्या फंडात द्यायचे अशी सोय आहे, साउथ कॅरोलिनातल्या एका को-ऑपने १९८९ ला सुरू केलेली आणि मग बऱ्याच जणांनी उचलली. वर्षाला कितीही झाले तरी १२ डॉलरच्या आतच जातात, आणि त्यातून इथे एका घराला जळाल्यावर महिनाभराची मदत झाली ती मी डोळ्यांनी बघितलीये. आणि इंटरनेट! मोठ्या कंपन्या इकडे फायबर टाकायला तयारच नव्हत्या, तेच जुनं कारण, परवडत नाही. मग संस्थेनेच आपल्या खांबांवरून फायबर ओढलं. मी आज घरून नोकरी करतेय ती त्याच्यावर. फायबर आलं त्या दिवशी आजी म्हणाल्या की माझ्या वडिलांना पण हेच सांगितलं होतं.

मैत्रिणीला मी सांगितलं घर घे, पण एक छोटा जनरेटर पण घे.

यंदा आमच्या भागाची जागा आहे आणि चक्क दोन उमेदवार उभे आहेत, एक तो डुकरांच्या फार्मवाला आणि एक शाळेतून रिटायर झालेल्या गणिताच्या बाई. आमची मेंबरशिप जॉइंट आहे, म्हणजे दोघांत मिळून मत एकच, आणि नवरा फार्मवाल्याच्या बाजूचा कारण तो त्याचा पेशंट आहे. मतपत्रिका अठरा तारखेपर्यंत पोचायला पाहिजे. अण्णा रोज फोन करून विचारतायत काय ठरलं.